कबड्डीचे फोटो हललेलेच यायलेत, काय चुकतंय?

सोलापुरी_क्लिक:
धाकटा भाऊ कबड्डी खेळतो, रेडर आहे (चढाई करणारा). परवा घराजवळच्या मैदानावर रात्रीच्या मॅचेस होत्या म्हणून कॅनन १५००डी ला ५५-२५० लेन्स लावून गेलो, चारशे फोटो काढले आणि घरी येऊन बघतोय तर भावाचं तोंड म्हणजे नुसता पुसलेला ठिपका. एक फोटो पिवळा, लगेच पुढचा काळपट. फ्लॅश मारला तर पंच अंगावरच आले. नवा कॅमेरा घ्यावा लागतोय का?

मागचा_बाक:
कॅमेऱ्याला कशाला नावं ठेवतो बे. ऑटोवर ठेवला असशील, उजेड कमी पडला की तो शटर १/६० सेकंदावर आणतो, म्हणजे पडदा जास्त वेळ उघडा, तेवढ्यात रेडर काय थांबतोय व्हय! एम मोड (सगळं हातानं) लाव, शटर कमीत कमी १/५००, आयएसओ (उजेड टिपायची ताकद) ६४०० पर्यंत जाऊ दे. दाणे आले तर आले, हलल्यापेक्षा बरं. फोकस एआय सर्व्होवर (हलणाऱ्या माणसामागं फोकस फिरतो), मधलाच पॉइंट. आणि ती लेन्स फुल झूमला ५.६ वर अडकते (आकडा लहान तेवढं तोंड मोठं), ५० एमएम १.८ लावलीस तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. पंचांचं मात्र बरोबर होतं, ऐन पकडीत डोळ्यावर फ्लॅश आला तर पोरं पडतील की.

लॉबीतला_पाय:
सेटिंग ठीक, पण बसलास कुठं ते सांग. स्कोअररच्या टेबलाशेजारी बसला असशील तर आयुष्यभर कानच येणार फोटोत. भावाची टीम ज्या बाजूला, त्याच्या समोरच्या टोकाला एंड लाइनच्या मागं मांडी घालून बस, म्हणजे तो रेडला तुझ्याच तोंडावर येतोय. हाफटाइमला बाजू बदलतात, तूपण उठायचं. आणि सारखं बटण दाबू नको, रेड ३० सेकंदांची असते. दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय, गुण नाही घेतला तर रेडर बाद, तेव्हा तयार राहा. डाव्या कोपऱ्यातला गडी गुडघ्यात वाकून बोटं पसरायला लागला की समज, घोटा धरणार. फोकस तिथंच.

सोलापुरी_क्लिक:
टेबलाशेजारीच बसलेलो 😅 पण पिवळा-काळा प्रकार काय आहे?

मागचा_बाक:
लाइटचा खेळ. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं मैदानावरचे तसले दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही, फास्ट शटरला कळतं. १/१०० ला थांबतं ते, पण मग रेडर हलतो. काही कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर असतं, नसेल तर प्रत्येक वेळी तीन-चार फोटो सलग काढ, एखादा नीट निघतोच. व्हाइट बॅलन्स (रंगाची सेटिंग) ऑटोवरून काढून एकाच जागी ठेव.

सोलापुरी_क्लिक:
रविवारी फायनल आहे. ५० एमएम भाड्यानं मिळेल का कुठं?

लॉबीतला_पाय:
माझी पडून आहे कपाटात. शनिवारी संध्याकाळी पार्क स्टेडियमपाशी ये, घेऊन जा. कॅप हरवू नको फक्त, मागच्या वेळी एकानं हरवलीय.