मदत हवी आहे: इंदूरला वरचा मजला भाड्याने द्यायचाय, भाडेकरूची कागदपत्रं कशी तपासायची?

वरचा_मजला

सुदामानगरात घराचा वरचा मजला रिकामा आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, जिना वेगळा, मीटर वेगळं. भाडं १४,००० ठरवलंय, अनामत दोन महिन्यांची. सध्या तिघांची विचारणा आहे.

एक नवरा-बायको, तो खाजगी कंपनीत, पगार ४२,०००. आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट सगळं व्हॉट्सअॅपवर आलंय. दुसरी, भंवरकुआंला कोचिंग करणारी तीन मुलं. तिसरे एक गृहस्थ फक्त फोनवर. सैन्यात आहेत, महूला बदली झालीय, घर न बघता आजच टोकन पाठवतो म्हणतात. ओळखपत्राचा फोटोही आलाय.

दलाल म्हणतो, पोलीस व्हेरिफिकेशन मी करून देतो, तुम्ही निश्चिंत राहा. तेवढं पुरतं का? पुण्याचे नातेवाईक लीव्ह अँड लायसन्स (तिकडचा भाडेकरार) ऑनलाइन नोंदवा म्हणून मागे लागलेत. कुठून सुरुवात करू? समोरच्याला चोर ठरवल्यासारखंही वाटायला नको.

रामबागकर

तिसऱ्याचा विषय आजच संपवा. महू हाकेच्या अंतरावर, म्हणून इंदुरात हे सैनिकाचं सोंग चटकन खपतं. पुढची पायरी ठरलेली असते: "आमचं पेमेंट वेगळ्या पद्धतीने होतं, हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील." यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे गेलेच. गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन. ओळखपत्राचा फोटो बहुधा भलत्याच कुणाचा तरी असतो, त्यावरचं नाव शोधत बसू नका. खरा माणूस असेल तर घर बघायला येईल.

आता पोलीस. दलाल ज्याला व्हेरिफिकेशन म्हणतो ते म्हणजे पोलीस थान्यात भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म देणं. त्याची पावती एवढंच सांगते की माहिती पोचली. माणूस बरा आहे असं ती सांगत नाही. पण फॉर्म द्यायचाच, कारण भाडेकरूची माहिती द्या असे पोलीस आयुक्तांचे आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. असा आदेश एका वेळी साधारण दोन महिने चालतो आणि परत काढला जातो. तो लागू असताना माहिती दिली नाही तर न्याय संहितेचं कलम २२३ (सरकारी आदेश मोडणं) घरमालकावर लागतं, दलालावर नाही. तेव्हा फॉर्म स्वतः भरा, पावती स्वतःच्या नावाने घ्या. मध्य प्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरूनही देता येतो. राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात हवं, नुसतं करार करणाऱ्याचं नको.

पुण्याचं पुण्याला राहू द्या. तिकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मुळे प्रत्येक करार नोंदवावाच लागतो. आपल्याकडे ११ महिन्यांचा किरायानामा ई-स्टॅम्पवर होतो. वर्षापेक्षा जास्त मुदत घातलीत तर मात्र इथेही नोंदणी लागेल.

खातेवही

नवरा-बायकोच्या कागदांबद्दल लिहितो. व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ म्हणजे समोरच्याचं म्हणणं, एवढंच धरा. ते खरं आहे का हे कागद काढणाऱ्याकडून कळतं, आणि तिथवरचा रस्ताही तुम्हीच शोधायचा, त्याने दिलेला नाही.

आधार: कार्ड हातात घेऊन यूआयडीएआयच्या (आधार देणारी संस्था) अॅपमधून क्यूआर स्कॅन करा. साध्या स्कॅनरने आकड्यांची लांबलचक रांग दिसेल, तिचा उपयोग नाही. खोट्या कार्डावर नाव-फोटो बदललेला असतो, पण क्यूआरवर यूआयडीएआयची डिजिटल सही असल्यामुळे तो घरी बनवता येत नाही. मग जुन्याच माणसाचा क्यूआर तसाच राहतो आणि स्कॅन केला की दुसरंच नाव येतं. झेरॉक्स फिकट असेल तर स्कॅन होत नाही, तेव्हा त्यांच्याच मोबाइलमधलं ई-आधार उघडायला सांगा. फाइलला मास्क्ड (बाकीचे अंक झाकलेली) प्रत लावा, शेवटचे चार अंक पुरतात.

पॅन: दहा अक्षरांतलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी' असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं. जोशी असेल तर 'जे' हवं. बायकोचं जुळलं नाही तर लगेच दचकू नका, लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन नंबर तोच राहतो. माहेरचं आडनाव विचारा.

पगाराची स्लिप: इथे बघण्यासारखं बरंच आहे. पीएफ बेसिकच्या १२ टक्के येतो, किंवा कंपनीने १५,००० ची मर्यादा धरली असेल तर सरळ १,८००. बेसिक २०,००० असताना पीएफ २,४०० किंवा १,८०० असं काहीतरी हवं. २,१५० दिसला तर विचारायचं. दुसरं, प्रोफेशनल टॅक्स. मध्य प्रदेशात वर्षाला चार लाखांवर पगार असेल तर महिना २०८ कापतात. नोकरी इंदूरच्या ऑफिसातली आणि स्लिपवर २०० कापलेले, तर तो महाराष्ट्राचा आकडा आहे. कंपनीची नोंदणी तिकडची असू शकते, पण बनवलेल्या स्लिपा नेटवरच्या नमुन्यावरून काढतात आणि ही चूक तिथूनच येते.

स्टेटमेंट: पगाराच्या ओळीपाशी शिल्लक स्वतः जुळवा. आधी १२,४१०, पगार जमा ३८,५००, तर पुढची शिल्लक ५०,९१० च हवी. आकडा बदलणारे जमेची ओळ बदलतात आणि खालच्या सगळ्या शिलका बदलायचा कंटाळा करतात. जमा रक्कम आणि स्लिपवरचा नेट पगारही रुपयाला रुपया जुळला पाहिजे.

एवढं करूनही शंका राहिली तर त्याला स्वतःच्या फोनवर पीएफचं पासबुक उघडायला सांगा. कंपनीचं नाव आणि महिन्यांच्या नोंदी समोर दिसतात. शेवटचा महिना नसला तर चालेल, नोंद उशिरा पडते.

वरचा_मजला

खातेवही, २०८ चं माहीतच नव्हतं. सिबिल रिपोर्ट (कर्जफेडीची नोंद) मागू का? आणि आधीच्या घरमालकाचा नंबर दिलाय त्यांनी. मुलांचं काय करू, त्यांना तर पगारच नाही.

खातेवही

सिबिल तुम्हाला काढता येत नाही. तो त्यांनीच काढून दाखवायचा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. १४,००० च्या भाड्याला मला तरी अति वाटतं. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्शात बसतंय आणि स्टेटमेंटमध्ये ईएमआय बाउन्स झाल्याच्या नोंदी नाहीत, एवढं बघा.

तिलकनगरच्या_ताई

घरमालकाचा नंबर मित्राचाही असू शकतो. "चांगले लोक आहेत का?" असं विचारूच नका, उत्तर ठरलेलं असतं. मुद्दाम चुकीचं बोला: "तुमच्याकडे तीन वर्षं होते ना?" खरा मालक लगेच दुरुस्त करतो, बनावट हो म्हणतो. मग विचारा, वीजबिल कुणाच्या नावावर होतं, अनामत किती परत केली, कशाबद्दल कापली. आणि आत्ताच्या मालकाला घर रिकामं करून हवं असेल तर तो तोंडभरून कौतुक करेल. त्याच्याही आधीच्या मालकाला विचारा, त्याला आता काही लपवायचं नसतं. जमलं तर जुन्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे एक चक्कर मारा, उधारी तिथे कळते.

मुलांच्या बाबतीत करारावर एका तरी पालकाची सही घ्या, पालकांना बोलावून, समोरासमोर. तपासायचे कागद मग पालकांचे. कोचिंगच्या फीची पावती बघा, त्यावरची मुदत आपल्या ११ महिन्यांशी जुळते का तेही. एक मुलगा मध्येच सोडून गेला तरी उरलेल्यांनी पूर्ण भाडं द्यायचं, हे वाक्य किरायानाम्यात हवंच. नाहीतर प्रत्येक जण "माझा हिस्सा दिला" म्हणतो. कुटुंब मध्य प्रदेशातलं असेल तर समग्र आयडी (राज्य सरकारचा ओळख क्रमांक) मागा. बाहेरच्या राज्यातल्यांकडे तो नसतो, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

वाईट वाटण्याचं म्हणाल, तर सगळ्यांना तीच यादी द्या आणि घर दाखवायच्या आधीच द्या. प्रत्येक झेरॉक्सवर त्यांच्या हातून "फक्त घर भाड्याने घेण्यासाठी" आणि तारीख लिहून घ्या. कागद जपून वापरले जाणार हे दिसलं की लोक स्वतःहून देतात. आणि तपास होईपर्यंत टोकन घेऊ नका. एकदा पैसे घेतले की नाही म्हणायची सोय जाते.

रामबागकर

ताईंना +१. एक राहिलं. ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा निवडून पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की खटले दिसतात. स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा. पण नुसत्या नावावरून कुणाला नकार देऊ नका, इंदुरात एका नावाची पन्नास माणसं निघतील. वडिलांचं नाव आणि पत्ता जुळला तरच विचारा.

वरचा_मजला

नवरा-बायकोला रविवारी आधार घेऊन बोलावलंय. ते उलट माझाच पॅन मागताहेत, देऊ का?

खातेवही

द्या. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यावरची करसवलत) त्यांच्या ऑफिसला घरमालकाचा पॅन लागतो. तुमचं १,६८,००० होतंय. पॅन मागतोय म्हणजे नोकरी बहुधा खरी आहे. फक्त हे भाडं तुमच्या रिटर्नमध्येही दाखवावं लागेल.