तटस्थ, अलिप्त की आणखी काही?

नदीकाठ: आयर्लंडवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. दुसऱ्या महायुद्धात तो देश कुठल्याच बाजूला गेला नाही, म्हणून मी 'तटस्थ' लिहिलं. संपादकांनी सगळीकडे 'अलिप्त' केलंय. मला पटत नाहीये. काय ठेवू?

शब्दवेडा: तटस्थच. अलिप्त म्हटलं की नेहरू, नासर, टिटो यांची अलिप्ततावादी चळवळ आठवते. आयर्लंड त्या चळवळीत कधीच नव्हता.

जुनी वही: मला दोन्ही नकोत. आमची आजी म्हणायची, पुरात माणूस वाहून जाताना तटावर उभा राहून बघतो तो तटस्थ. आयर्लंडला हा शब्द लावणं अन्याय आहे. १९३८ साली कोव्ह, बेअरहेवन आणि लॉख स्विली ही बंदरं ब्रिटिशांकडून परत मिळाली, म्हणून तर तिथले तेव्हाचे पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना युद्धाबाहेर राहता आलं. लढायचं की नाही हे आम्ही ठरवणार, हेच तर त्यांचं स्वातंत्र्य!

शुद्धमती: परराष्ट्रनीतीचे कौटिल्याने सांगितलेले सहा गुण बघा: संधी, विग्रह, यान, आसन, संश्रय, द्वैधीभाव. 'आसन' घ्या, म्हणजे कुणाच्या बाजूने न जाता स्वस्थ बसणं. आपल्याकडे शब्द असताना चाचपडायचं कशाला?

शब्दवेडा: अहो, आसन म्हणजे आज योगासनच. वाचकाला कळायला नको?

शुद्धमती: कळत नाही म्हणून टाकत गेलो, तर उरेल काय?

डब्लिनवासी: इथे बारा वर्षं राहतेय. १९१४ साली इथल्या लिबर्टी हॉलवर, म्हणजे कामगार संघटनेच्या कचेरीवर, फलक लागला होता: आम्ही ना (ब्रिटिश) राजाचे चाकर ना (जर्मन) कैसरचे, आम्ही आयर्लंडचे. १९४९ला हे नाटोत गेले नाहीत, कारण उत्तरेचा भाग ब्रिटनकडे होता. पण यांचे सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत १९५८पासून जातात. माझे शेजारी लेबनॉनला जाऊन आलेत. त्यांना काठावरचे कसं म्हणू? आणि हो, महायुद्धाच्या त्या काळाला इथे 'आणीबाणी' म्हणतात, युद्ध नव्हे.

नदीकाठ: तो शब्द माझ्याही लेखात आहे! पण आपल्याकडे आणीबाणी म्हणजे १९७५.

जुनी वही: शब्द त्याहून कितीतरी जुना आहे. आणीबाणीची वेळ, आणीबाणीचा प्रसंग असं आजी सर्रास म्हणायची. शिवाय तिकडेही तेव्हा वर्तमानपत्रांवर कडक सेन्सॉरशिप होतीच. बिनधास्त वापरा.

शुद्धमती: संस्कृतात 'आणि' म्हणजे चाकाची खीळ. ती निखळली की गाडी कोलमडते. व्युत्पत्ती तीच असावी, असा माझा अंदाज.

शब्दवेडा: मग 'बाणी' कुठून आली?