अनुभव धागा : धक्का बसला तेव्हा तुमच्या वस्तूचं काय झालं?

नोटाबंदी, टाळेबंदी, भाववाढ यांवरच्या चर्चेत आकडे खूप येतात. मला वस्तूबद्दल ऐकायचंय. तुम्ही किंवा घरचे जे बनवता, त्यात त्या दिवसांत काय बदललं? सुरुवात माझ्यापासून करते.

इचलकरंजीत आमचे आठ साधे माग. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि विणायची मजुरी आमची. नोव्हेंबर २०१६ मध्ये आठवड्याचा पगार वाटायला घरात जुन्या पाचशेच्या नोटाच होत्या. कामगार तरी त्या घेऊन काय करणार? बिहारची मुलं गावी गेली. बिमं, म्हणजे ताण्याचं उभं सूत गुंडाळलेले रूळ, अर्धी विणलेली तशीच मागावर राहिली. महिन्याने माग सुरू केले, तर जिथे थांबले होते तिथे कापडावर आडवी पट्टी उमटली. ताणा सैल पडून त्यावर धूळ बसली होती. व्यापाऱ्याने तेवढं कापड नाकारलं. बाबा ती पट्टी बोटाने चाचपत बसले होते, ते मी विसरलेले नाही. पुढे चार माग भंगारात गेले.

हुपरीहून
आमच्याकडे पैंजणाची मजुरी किलोवर मिळते. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखावर गेली, ऑक्टोबरात दीड लाखही ओलांडले. गिऱ्हाईक हलका माल मागू लागलं, म्हणून तार बारीक केली. बारीक तारेला डाग देताना, म्हणजे जोड तापवून सांधताना, आच जरा वाढली की कडीच वितळते. जोड तेवढेच, वेळ जास्त, वजन कमी; म्हणून मजुरीही कमी. लोकांना वाटतं भाव वाढला म्हणजे आमची चांदी झाली. पण चांदी आमची नसतेच, हात तेवढे आमचे.

सोलापूरहून
टॉवेल. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी, म्हणजे सुमारे ३५६ किलो, लाखाच्या वर गेली. ऑर्डर जुन्या दराने घेतलेली. शब्द दिला होता, एक ग्रॅमही हलका केला नाही. त्या वर्षी मुलीची फी मेहुण्याने भरली.

पेणहून
२०२० ला सार्वजनिक गणपतीला ४ फुटांची मर्यादा आली, तेव्हा आमच्या मोठ्या मूर्ती साच्यातून निघून वाळल्याही होत्या. कापड कापता येतं, मूर्ती कशी छाटणार? प्लास्टिक गुंडाळून ठेवल्या. २०२१ लाही तीच मर्यादा. २०२२ ला ती उठल्यावर प्लास्टिक सोडलं, तर दोन पावसाळ्यांची ओल आत धरलेली. सोंडेखालचा भाग खरवडून, लिंपून पुन्हा घासला. तीन मूर्ती विकल्या गेल्या. एक अजून कारखान्यात आहे.