मदत हवी आहे: अग्निशमन दलावरच्या नागरिक समितीत नेमकं काय मागायचं?

नमस्कार मंडळी, आमच्याकडच्या अग्निशमन दलाच्या कामावर लक्ष ठेवायला नागरिकांची समिती नेमलीय, त्यात मी पण आहे आणि पुढच्या आठवड्यात पहिली मीटिंग आहे. दलाने रिपोर्ट दिलाय त्यात पोचायला लागलेली नुसती सरासरी वेळ आहे, पण सरासरीत उशीर झालेले कॉल दबून जातात ना. एनएफपीए १७१० या अमेरिकन स्टँडर्डमध्ये आगीच्या कॉलला ८० सेकंदांत निघायचं आणि पहिली गाडी पुढच्या २४० सेकंदांत पोचायची असं आहे, तेही ९० टक्के वेळा, म्हणजे तिथे सरासरी धरतच नाहीत. मग कॉल घेतल्याची, गाडी निघाल्याची, पोचल्याची वेळ वेगवेगळी मागू का?

पण खरी काळजी तक्रारींची आहे. एखाद्या जवानाने वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली तर चौकशी त्याच वरिष्ठाच्या हाताखालचा माणूस करतो आणि निष्कर्ष समितीला दिसतच नाही, अशाने कोण तोंड उघडेल? तक्रारदाराचं नाव झाकून अहवाल मागता येतो का, कुणी तसा नियम करून घेतलाय का?

आग विझवताना काय करायचं ते त्यांचे अधिकारीच ठरवणार, त्यात आम्हाला अजिबात लुडबुड करायची नाहीये. पण नंतर होणारा घटनेचा आढावा, ट्रेनिंगचं रजिस्टर, श्वसन उपकरणांच्या तपासणीच्या नोंदी, हे तरी बघायला मिळायला हवं. दलात काम केलेलं किंवा अशा समितीत बसलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा, सुरुवात कुठून करू?