सलग सहा बारा-तासी ड्युट्या: रोस्टर कसा लावायचा?

मिरज_इन्चार्ज

मिरजेतलं ३० खाटांचं खासगी हॉस्पिटल. जनरल वॉर्ड २४, आयसीयू ६. स्टाफ १४, त्यात दोन ब्रदर (पुरुष नर्स). शिफ्ट दोनच: सकाळी ८ ते रात्री ८, रात्री ८ ते सकाळी ८. प्रत्येक शिफ्टला वॉर्डात तीन आणि आयसीयूत तीन लागतात. त्यामुळे प्रत्येकाला आठवड्याला सहा ड्युट्या आणि एक ऑफ. कुणी आजारी पडलं की डबल, म्हणजे सलग दोन शिफ्ट. व्यवस्थापनाचं म्हणणं, सकाळी ८-२, दुपारी २-८, रात्री ८-८ असा पॅटर्न करा, ताण आपोआप कमी होईल. होईल का? सलग नाईट किती लावाव्यात? मीटिंगला आकडे घेऊन बसायचंय, म्हणून नेमकं सांगा.

रोस्टरची_वही

नाही होणार. आधी हिशेब मांडा. एका शिफ्टला ६ जण, दिवसाच्या १२ ड्युट्या, आठवड्याच्या ८४. गुणिले १२ केलं की १००८ तास. हे तास १४ जणांत वाटले की डोई ७२. पॅटर्न ६-६-१२ केला तरी १००८ तेच राहतात, उलट येण्याजाण्याच्या फेऱ्या वाढतात. त्याचा खरा फायदा एकच: सकाळची सिस्टर आली नाही तर २-८ वालीला आठला बोलावून सहाच तास भरून काढता येतात, २४ तासांची डबल टळते.

आता तुमचा 'एक ऑफ' बघा. तीन डे, तीन नाईट असं लावलंत, तर शेवटची नाईट सातव्या दिवशी सकाळी ८ ला उतरते आणि आठव्या दिवशी सकाळी ८ ला पुन्हा डे. मधले २४ तास, त्यातले आठ-नऊ दिवसाउजेडी झोपण्यात जातात. नाईट उतरलेला दिवस ऑफ म्हणून वहीत लिहायचा ही आपल्याकडची जुनी हातचलाखी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची नर्सिंगसाठी १९७७ ची शिफारस आहे: दोन ड्युट्यांत किमान १२ तास, आणि आठवड्याची सलग सुट्टी कुठल्याही परिस्थितीत ३६ तासांपेक्षा कमी नको. तुमचा रोस्टर त्यात बसतच नाही.

माणसं १४ ची १७ केलीत तर पाच ड्युट्यांत भागतं (१७ × ५ = ८५). एका आठवड्याला डे-डे-नाईट-नाईट-नाईट, पुढच्या आठवड्याला डे-डे-डे-नाईट-नाईट. नाईट सहाव्या दिवशी सकाळी उतरते आणि पुढची ड्युटी आठव्या दिवशी सकाळी, म्हणजे सलग ४८ तास. मीटिंगमध्ये हेच मांडा: तीन पोस्टमध्ये प्रत्येकाची सुट्टी दुप्पट होते. आठवड्याला ४८ तासांवर यायचं तर २१ लागतील, आणि रजा राखीव (रजेवर गेलेल्यांच्या जागी जादा माणसं) ३० टक्के धरली तर २७. सत्तावीस एकदम मागू नका, ऐकून सोडून देतील. सतरा मागा.

जाता जाता: इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष जनरल वॉर्डला पाच पेशंटमागे एक नर्स, आयसीयूला एकास एक. तुमच्याकडे आठास एक आणि दोनास एक.

आयसीयू_नाईट

तासांबरोबर 'किती वेळ जागी आहे' हेही मोजा. पहिल्या नाईटला सिस्टर सकाळी सातला उठलेली असते. दुपारी झोपली नाही तर रात्री १२ ला तिचे १७ तास झालेले असतात. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगात १७ तास जागं राहिलेल्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकं घसरलं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. म्हणून पहिल्या नाईटआधी दुपारी दीड-दोन तास झोप सक्तीची समजा, आणि त्या दिवशी सकाळी मीटिंग किंवा ट्रेनिंगला बोलवूच नका.

चुका पहाटे ३ ते ५ मध्ये कुठे होतात ते ठरलेलं आहे.

इन्सुलिन: मिलीला ४० युनिटची व्हायल (औषधाची बाटली) आणि मिलीला १०० ची, दोन्ही एकाच फ्रीजमध्ये. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. १०० च्या व्हायलमधून लाल सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत भरलं की पेशंटला २५ युनिट जातात. दोन तासांनी पेशंट गार, घामाघूम, आणि सगळे 'झोपलाय' समजतात. वॉर्डात एकच प्रकार ठेवा, दुसरा फार्मसीत.

पोटॅशियम क्लोराइड: १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट. थेट शिरेतून गेलं तर हृदय थांबतं. डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारच्या खणात ते ठेवणं म्हणजे आमंत्रण. कुलपात ठेवा.

हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध): ५ मिलीच्या व्हायल दोन ताकदीच्या येतात, मिलीला १००० आणि मिलीला ५०००. पंपाचा रेट (औषध सोडायचा वेग) लिहिताना ताकदही लिहा.

या तिन्हींना आणि पंपाच्या प्रत्येक रेटला दोघींनी तपासायचं. 'बघ गं, बरोबर आहे ना?' असं विचारलं की झोपेत असलेली 'हो' म्हणते. दुसरीने आकडा न ऐकता स्वतः हिशेब करायचा, मग जुळवायचं.

झोपेची पाळी: १ ते ३ मध्ये तिघींनी ४०-४० मिनिटं, एका वेळी एकच. उठल्यावर १५ मिनिटं औषधाला हात नाही, डोकं तेवढा वेळ जड असतं. शेवटचा चहा तीनला. नंतरचा घेतला तर सकाळी घरी झोप लागत नाही आणि पुढची नाईट बिघडते.

जुना_ब्रदर

हे सगळं ठीक, पण मुलींना विचारलंय का? जत-आटपाडीकडच्या आहेत, इथे हॉस्टेलवर राहतात. त्यांनाच सलग सहा नाईट टाकून गावी जायचं असतं. डबलचे पैसेही हवे असतात.

रोस्टरची_वही

मागणी खरी आहे, पण जोखीम पेशंटचीही आहे. शिफ्टच्या अपघातांच्या अभ्यासांत पहिल्या नाईटच्या तुलनेत दुसरीला ६, तिसरीला १७ आणि चौथीला ३६ टक्के जास्त धोका दिसला. म्हणून तीनवर थांबायचं. गावी जाणाऱ्यांसाठी दोन आठवडे जोडा: पहिला डे-डे-नाईट-नाईट-नाईट-ऑफ-ऑफ, दुसऱ्याची सुरुवात एका ऑफने, मग डे-डे-डे-नाईट-नाईट. सलग ७२ तास मिळतात. दुसऱ्या टोकाला मात्र २४ च उरतात, फुकट काही नसतं. ज्या मागतील त्यांनाच द्या.

डबलच्या पैशांचं उत्तर पगारात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांखालच्या खासगी हॉस्पिटलसाठीही महिना २०,००० च्या खाली पगार नको अशी शिफारस केली. तो आकडाही मीटिंगला न्या.

आणि बारा तास कागदावरचे. ओव्हर द्यायला, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवायला, पाऊण तास लागतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ३९३ नर्सच्या अभ्यासात साडेबारा तासांपुढे चुकीची शक्यता तिपटीच्या आसपास गेली. ओव्हर पेशंटच्या खाटेशी, पंप बघत, २० मिनिटांत संपवा. बिलिंग, कपड्यांची मोजदाद, इंडेंट (सामानाची मागणी) हे मामा-मावशी (वॉर्डातले मदतनीस) आणि क्लार्ककडे द्या.

आयसीयू_नाईट

दोन गोष्टी राहिल्या. थकल्यावर सुई टोचते, अनेकदा टोपण परत लावताना. साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, लगेच आरएमओला (ड्युटीवरच्या डॉक्टरला) सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी दोन तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. पहिला डोस रात्री वॉर्डातच मिळाला पाहिजे, फार्मसी उघडायची वाट बघायची नाही.

दुसरं, नाईट उतरून स्कूटीवर तासगावला निघणं. निघण्याआधी २० मिनिटं झोप, मग तोंड धुऊन पंधरा मिनिटं थांबायचं. डबल केलेलीने गाडी चालवायचीच नाही, एसटीने जावं. हॉस्पिटलने सकाळी गाडी सांगली बसस्थानकापर्यंत सोडली तर डिझेलचा खर्च किरकोळ आहे.

मिरज_इन्चार्ज

सतराचा हिशेब नेते. पुरात काय करायचं? तेव्हा आत असलेल्यांनाच ओढावं लागतं.

रोस्टरची_वही

सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेच्या पाण्याची ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोका. चाळीसला रोस्टर बदला, पंचेचाळीसची वाट बघू नका. नदीपलीकडच्या, सांगलीवाडीच्या सिस्टरना त्याच दिवशी कपड्यांसह आत बोलवा. आत असलेल्यांच्या दोन तुकड्या करा, बारा तास काम आणि बारा तास सक्तीची झोप. झोपायची खोली वॉर्डपासून लांबची, दाराला आतून कडी आणि फोन इन्चार्जकडे जमा. तुकडीत सहा भरत नसतील तर ठरलेली ऑपरेशनं थांबवा आणि २४ खाटांच्या १५ करा. तीन सिस्टरमध्ये पाचास एक तेवढ्याच बसतात.