उत्सर्जनवाढीत लोकसंख्येचा वाटा कसा काढायचा?

त्रैराशिक:
१९९० ते २०१९ दरम्यान जगाची लोकसंख्या सुमारे ५३० कोटींवरून ७७० कोटींवर गेली (४५% वाढ). जीवाश्म इंधनांतून होणारं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला सुमारे २,२७० कोटी टनांवरून ३,७०० कोटी टनांवर (६३% वाढ). दरडोई वाढ १२ टक्के येते. पण ४५ आणि १२ मिळून ५७ होतात, ६३ नाही. चुकतंय कुठे? आणि उलट दिशेने, पर्यावरण बिघडल्याने जन्मदर बदलतो का?

लॉगटेबल:
उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या गुणिले दरडोई उत्सर्जन. गुणाकारातल्या टक्केवाऱ्यांची बेरीज होत नाही, नैसर्गिक लॉगची (e पायाच्या लॉगॅरिदमची) होते. १.४५ चा लॉग ०.३७, १.१२ चा ०.११, १.६३ चा ०.४९. बेरीज जुळली (उरलेला किंचित फरक आकडे पूर्णांकित केल्याचा). लोकसंख्येचा वाटा ०.३७ भागिले ०.४९, म्हणजे सुमारे ७६%.

मात्र हा आकडा कुठे वापरू नका! आफ्रिकेतल्या नायजर देशाची लोकसंख्या या काळात दीड कोटीने वाढली. तिथलं दरडोई उत्सर्जन वर्षाला जेमतेम ०.१ टन, म्हणजे भर पडली १५ लाख टनांची. जागतिक सरासरी (४.८ टन) लावली की तीच भर ७ कोटी टन दिसते. उलट चीनची लोकसंख्या पाव पटीनेच वाढली, पण दरडोई उत्सर्जन तिपटीहून अधिक झालं आणि जगाच्या एकूण वाढीतला निम्म्याहून मोठा भाग तिथूनच आला. म्हणून आधी देशवार फोड करा, मग टनांत बेरीज. क्रम उलटा झाला की दोष गरिबांच्या माथी जातो.

चर_बांध:
लॉगटेबल यांच्याशी सहमत. एक पुरवणी: जंगलतोड आणि भूजल यांना हे सूत्र लावू नका, तिथे परिणाम स्थानिक असतो.

उलट दिशेबद्दल: परिणाम होतो, पण एकाच बाजूने नाही. सरपण आणि पाणी लांब गेलं की ते आणायला हात जास्त लागतात, मुलांच्या श्रमाची किंमत वाढते. त्यात बालमृत्यू जास्त असतील तर कुटुंब मोठं ठेवण्याकडे कल राहतो. दुसरीकडे, माणसं वाढली की जमीन बिघडतेच असंही नाही: केनियातल्या मचाकोसमध्ये १९३० ते १९९० दरम्यान लोकसंख्या सुमारे पाचपट झाली आणि जमिनीची धूप मात्र घटली. तिथली पद्धत अशी: उतारावर समतल (समान उंचीच्या) रेषेवर चर खणायचा, माती चढाच्या बाजूला टाकून बांध घालायचा; पावसागणिक वरून आलेली माती बांधामागे साठते आणि हळूहळू पायरी तयार होते. हे कष्टाचं काम आहे, माणसं असली तरच होतं. पण जमिनीवर हक्क आणि जवळ नैरोबीची बाजारपेठ होती म्हणून ते परवडलं. या दोन गोष्टी नसतील तर हे उदाहरण देऊ नये.

त्रैराशिक:
धन्यवाद. मग जन्मदर घटला की उत्सर्जन लगेच घटेल, असं धरायचं का?

लॉगटेबल:
नाही. जन्मदर दर स्त्रीमागे सरासरी २.१ मुलांवर आला (म्हणजे नवी पिढी जुन्या पिढीची जागा जेमतेम भरून काढते) तरी आधीच जन्मलेल्या मोठ्या पिढ्या पालक होत राहतात, त्यामुळे लोकसंख्या पुढे काही दशकं वाढतेच. शिवाय कुटुंबं लहान झाली की घरांची संख्या माणसांपेक्षा वेगाने वाढते. दर घराला वेगळा फ्रीज, वेगळी चूल. त्यामुळे वीजवापराच्या हिशेबात माणसांऐवजी घरं मोजून पाहा.