पार्किन्सनमधली चाल घरी मोजायची आहे: सेन्सर कोणता, बांधायचा कुठे?

मेघना_दांडियाबाजार
नमस्कार. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात जुन्या वाड्यात राहतो. बाबांना पार्किन्सन आहे. दवाखान्यात डॉक्टरांसमोर ते व्यवस्थित चालून दाखवतात आणि घरी आले की माजघराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. डॉक्टर विचारतात, "दिवसातून किती वेळा होतं? गोळीच्या आधी की नंतर?" आम्ही नुसता अंदाज सांगतो. बाबांच्या मनगटावर फिटनेसचं घड्याळ आहे, पण त्याच्या आकड्यांवर विश्वास बसत नाही. महाग यंत्रणा परवडणार नाही. भाऊ इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, सर्किट जोडून देईल. काय घ्यावं?

फिजिओ_अलकापुरी
मेघनाताई, घड्याळ या कामाला नको. ते हाताच्या झोक्यावरून पावलं ताडतं. पार्किन्सनमध्ये तो झोका आधीच कमी झालेला असतो, त्यात काठी किंवा कठडा धरला की हात हलतच नाही. शिवाय हात कापत असेल तर त्यालाही ते पाऊल समजू शकतं.

तसंही तुम्हाला पावलं मोजायची नाहीत, थबकणं पकडायचं आहे. सेन्सर नडगीवर बांधा, घोट्याच्या थोडा वर, बाहेरच्या बाजूने. थबकलेला पाय बरेचदा स्थिर नसतो, बारीक थरथरत असतो. नेहमीच्या चालीची हालचाल मुख्यतः ३ हर्ट्झच्या (सेकंदाला ३ आवर्तनांच्या) खाली असते, ही थरथर साधारण ३ ते ८ हर्ट्झमध्ये. वारंवारतेच्या या दोन्ही पट्ट्यांतल्या हालचालीच्या ऊर्जेचं गुणोत्तर काढलं की थबकणं आलेखात वेगळं दिसतं. मात्र काही वेळा पाय अजिबात न थरथरता नुसते अडतात. ते आणि शांत उभं राहणं सेन्सरला सारखंच, म्हणून सुरुवातीला सोबत व्हिडिओ हवाच.

सोल्डरगन
भावाला सांगा: एमपीयू-६०५० हा सेन्सर आणि त्याच्या नोंदी घ्यायला ईएसपी-३२ हा छोटा कंट्रोलर. सेन्सर स्वस्त आहे, तीन अक्षांचा प्रवेगमापक आणि तीन अक्षांचा जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा) एकाच चिपमध्ये. सेकंदाला १०० नोंदी भरपूर झाल्या. एक गोष्ट आवर्जून करा. जायरोची मूळ मर्यादा सेकंदाला २५० अंश असते. भरभर पाऊल टाकताना नडगी त्याहून जोरात फिरू शकते आणि आलेखाचे शेंडे कापले जातात. मर्यादा ५०० किंवा १००० वर न्या. नोंदी एसडी कार्डावर साठवा, जाड भिंतींच्या वाड्यात वायफायच्या भरवशावर राहू नका.

पावलाची लांबी काढायच्या फंदात सध्या पडू नका. प्रवेगावरून अंतर काढायला त्याचं दोनदा संकलन (इंटिग्रेशन) करावं लागतं आणि त्यात चूक वाढत जाते. त्यावर उपाय आहे, पाऊल जमिनीवर टेकलेलं असतं त्या क्षणी वेग शून्य धरून हिशेब नव्याने सुरू करायचा, पण त्यासाठी सेन्सर बुटावर लागतो.

कमाटीबाग_सकाळ
सर्किट होईपर्यंत फोन वापरा. आखेनच्या विद्यापीठाने केलेलं फायफॉक्स हे ॲप मोफत आहे. पाऊचमध्ये फोन घालून कंबरेच्या मागे घट्ट बांधा आणि बाबांना कमाटीबागेत सरळ रस्त्यावर चालवा. पावलांची लय किती एकसारखी आहे ते समजेल.

मेघना_दांडियाबाजार
आभार! पण काका, बागेत तर बाबा छानच चालतात. सगळं अडतं ते घरात.

फिजिओ_अलकापुरी
म्हणूनच मोजायचं घरात. उंबरा, अरुंद दार, वळताना घेतलेली गिरकी, थबकायच्या जागा बहुधा याच. कोणीतरी हाताच्या अंतरावर असल्याशिवाय चाचणी करू नका, थबकताना तोल जातो. सेन्सर सुरू झाला की व्हिडिओसमोर बाबांना बसवून टाच तीन वेळा आपटायला सांगा. ते तीन ठोके आलेखातही उमटतील, त्यावरून दोन्हीच्या वेळा जुळवता येतात. आणि गोळीची वेळ मिनिटासकट लिहा. डॉक्टरांना एकच कागद द्या: आडवी दिवसाची वेळ, त्यावर गोळ्या आणि थबकणं. गोळ्यांच्या वेळा स्वतःहून बदलू नका.

मेघना_दांडियाबाजार
भाऊ विचारतोय, एका पायाला पुरे की दोन्ही?

फिजिओ_अलकापुरी
दोन्हींना बांधलात तर उत्तमच. एकच असेल तर ज्या बाजूला त्रास जास्त, त्या पायाला. पट्टा घट्ट हवा, सैल पट्ट्याची स्वतःची थरथर नेमकी नको त्या वारंवारतेत येते. जागा दर वेळी तीच राहावी म्हणून पट्ट्याच्या कडेला त्वचेवर पेनाने खूण करा.